कडूबाचा पक्का जोड

"आपला जोड म्हंजे जोड! त्याला हत्ती लटकवा, रणगाडा लटकवा. लोखंड तुटंल, पण कडूबाचा जोड तुटायचा न्हाई!"

कडूबा सोनुने हे बोलला तेव्हा तो कचरूच्या चहाच्या टपरीवर लोखंडी बाकड्यावर बसला होता. जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये तो वेल्डर होता, आणि हे बाकडं त्यानंच मागच्या आठवड्यात जोडून दिलं होतं. त्याच्या उजव्या अंगाला मिलचा सुपरवायझर बद्रीनाथ बसला होता आणि डाव्या अंगाला म्हातारा अजमत उस्ताद, ज्याच्याकडून कडूबा वेल्डिंग शिकला. रणगाड्याचं नाव निघालं आणि बाकड्याचा एक पाय कण्हला. बद्रीनाथनं "कडूबा, हे बग..." एवढंच म्हणलं, तोवर तिघं माणसं, तीन कपबशा आणि कचरूची टोस्टची बरणी, सगळं मुरमावर आडवं झालं.

दुसरा कोणी असता तर आधी ढुंगण चोळलं असतं. कडूबानं तुटका पाय उचलला, उजेडाकडं धरला आणि त्याचं तोंड खुललं.

"बगा! उस्ताद, तुमीच बगा. जोड कसा हाय? हाय तसा हाय! पाइप तुटला तो जोडाच्या बाजूला. जोड बराबर हाय, लोखंड कच्चं निघालं."

"हाव," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या पांढऱ्या पँटीवर चहाचा मोठा नकाशा उमटला होता. "उद्या माह्या मयताला येशील आन म्हनशील, मानूस गेला तर जाऊ द्या, तिरडी बराबर हाय."

अजमत उस्ताद खालीच बसून राहिला. गुडघे धरलेल्या माणसाला उठायची घाई नसते. "कडूबा," तो म्हणाला, "तेरा हात अच्छा हे रे. फकत तोंड थोडं कमी चालव."

बद्रीनाथ आला होता तो खरं म्हणजे एक बातमी सांगायला. पँट झटकत त्यानं ती आता चवीनं सांगितली. मिलची भट्टी आजवर कोळशावर चालायची. आता शेठनं तेलावरची भट्टी घ्यायचं ठरवलं होतं. बाहेरच्या टाकीपासून भट्टीपर्यंत गरम तेलाची लाइन जाणार, भिंतीच्या वरच्या अंगानं, जोरानं तेल ढकलणारी. एक जोड गळला तर भट्टीच्या तोंडाशी काय होईल ते सांगायची गरज नव्हती. म्हणून काम देणाऱ्या कंपनीची अट होती, की ह्या लायनीला हात लावेल तो पास झालेलाच वेल्डर. सर्टिफिकेटवाला. आणि जो ही लाइन जोडील, तोच मिलचा हेड वेल्डर.

"माझा मेव्हना हाय की," बद्रीनाथ म्हणाला. "आष्टीचा धर्मराज. त्याच्यापाशी हाय सर्टिफिकेट. बोलवून घेतो. तू त्याच्या हाताखाली राह्य, शिकशील काई."

कडूबाचं रक्त भट्टीवर चढलं. ह्या धर्मराजनं आयुष्यात पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर धरला तो कडूबाच्याच शेजारी उभं राहून, आणि पहिली ठिणगी पाडली ती कडूबाच्याच लग्नातल्या शर्टावर. आता त्याच्या हाताखाली? तो तसाच, पाठीला मुरूम लागलेला, थेट शेठच्या केबिनीत गेला.

शेठ हिशेबी माणूस होता, पण घाईतला नव्हता. तो म्हणाला, "औरंगाबादहून परीक्षा घेणारे साहेब येणार आहेत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्याच शेडमध्ये. चार मिलचे वेल्डर येतील. तू बस. पास झालास तर हेड वेल्डर तू. नाही झालास तर धर्मराज. पण एक सांगतो, अभ्यासाला रजा मागायची नाही. ड्यूटी म्हणजे ड्यूटी."

"रजा कशाला पायजे शेठ?" कडूबा म्हणाला. "मला परीक्षा घ्यायला बोलवलं तरी जमंल."

बाहेर आल्यावर त्यानं उस्तादाला विचारलं, "परीक्षेत असतं काय?"

उस्तादानं सांगितलं. मिलमध्ये काम म्हणजे वस्तू जमिनीवर ठेवायची, स्टुलावर बसायचं, वरून जोडायचं. परीक्षेत पाइप तिरपा बांधलेला असतो, कंबरेच्या उंचीवर. तो हलवायचा नाही, फिरवायचा नाही. वेल्डरनंच त्याच्याभोवती फिरायचं. खालून, वरून, बाजूनं, गुडघ्यावर, पाठीवर. "जैसे साप झाडाला गुंडाळतो ना, वैसे," उस्ताद म्हणाला. "बाद में साब उस जोड की पट्टी काटते, और पट्टी को घोडे की नाल जैसी वाकवते. जोडावर चीर पडली की फेल. घरी जा."

"पडायची न्हाई."

"मालूम हे मेरे को. बाकडा भी बोल रहा था."

उस्तादाची नजर अधू झाली होती, म्हणून तो स्वतः परीक्षेला बसणार नव्हता. पण घराच्या मागं पत्र्याच्या आडोशात त्याचं जुनं वेल्डिंगचं मशीन होतं. दोघंही चंदनझिऱ्यात राहायचे, एकाच गल्लीत. तेव्हा असं ठरलं, की पहिली पाळी सुटली की कडूबानं घरी भाकरी खायची आणि दिवस मावळेपर्यंत उस्तादाच्या आडोशात सराव करायचा.

मशीन चालू झालं की गल्लीतली वीज कमी व्हायची, पंखे मंदावायचे आणि टीव्हीतली माणसं चारी बाजूंनी आखडायची. एका सिरियलीतली सासू बोटाएवढी झाली, ती आठवडाभर तेवढीच राहिली. पण खरी अडचण पुढं होती. सरावाला पाइप पाहिजे, आणि पाइप मिलमधून आणायचा तर गेटावर बद्रीनाथ. मग कडूबानं डोकं लावलं. गल्लीत जिथं कुठं तिरपा, न हलणारा पाइप दिसेल तिथं मशीन ओढत नेऊन तो फुकटात दुरुस्ती करून द्यायला लागला.

पहिल्यांदा सापडला दुधाचा टेंपो. त्याचा सायलेंसर फुटला होता. "काढून देतो," टेंपोवाला म्हणाला. "काढायचा न्हाई! बिलकुल हात लावू नको," कडूबा ओरडला आणि पाठीवर सरपटत खाली घुसला. जोड असा केला, की उस्तादानं अधू नजरेनंही मान डोलवली. टेंपो निघाला तेव्हा कळलं, की टेंपो उचलायला खाली लावलेला जॅकही सायलेंसरला जोडला गेला आहे. तो खडखडत अंबडपर्यंत गेला आणि खडखडत परत आला. जोड निखळला नाही. कडूबानं ही गोष्ट पुढं दहा जणांना अभिमानानं सांगितली.

मग हापशाची पाळी आली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हापशाचा दांडा खिळखिळा झाला होता, चालवताना किरकिर करायचा. दांडा तिरपा, पाइपाचा, कंबरेच्या उंचीवर. "ही तर परीक्षाच उभी हाय," कडूबा म्हणाला. त्यानं तोंडापुढं काळी काच धरली आणि हापशाला गुंडाळी घातली. खालून, वरून, बाजूनं. काच बाजूला केली तेव्हा जोड असा बसला होता, की बोट फिरवावं.

चतुराबाई हंडा घेऊन आली. ही गल्लीतली सगळ्यात थोर बाई. तिच्या तोंडाला नगरसेवकही भ्यायचा. तिनं दांड्यावर हात ठेवला. मग दोन्ही हात ठेवले. मग पोट टेकवलं.

"कडूबा, हा हालत न्हाई रे."

"कसा हालंल मावशी? पक्का केलाय!"

"आरं मुडद्या," चतुराबाई म्हणाली, "हापसा हालायलाच असतो!"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. काळ्या काचेतून वेल्डरला फक्त जोड दिसतो. ज्याला जोडलं त्याचं पुढं काय होणार, ते काच दाखवत नाही. मग दोन दिवस कडूबा कानस घेऊन स्वतःचाच जोड घासत बसला आणि भोवती रिकामे हंडे घेऊन बाया बसल्या. कडूबाचा जोड किती पक्का असतो, ते त्या दोन दिवसांत गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळलं. चतुराबाईनं तर ते त्याच्या सात पिढ्यांनाही कळवलं.

पण हात वळला. दसरा जवळ आला तोवर कडूबा खरोखरच सापासारखा पाइपाभोवती फिरायला लागला. मिलमध्येसुद्धा तो आता स्टुलावर बसत नसे. खाली आडवा होऊन काम करायचा आणि बद्रीनाथ त्याला ओलांडून जायचा. "मेला का काय बगा रे," असं म्हणत.

राहिला तो रॉडचा, म्हणजे वितळून जोडात भरणाऱ्या कांडीचा, प्रश्न. परीक्षेला साधा रॉड चालत नाही. त्यासाठी वेगळा असतो, जाड पांढऱ्या मसाल्याचा. शेठनं एकच पाकीट मागवून दिलं होतं. उस्तादानं ते हातात घेतलं आणि कडूबाला बाजूला घेऊन बसला.

"ध्यान से सुन. रॉड के अंदर की तार काही नसते. वरचा मसाला, वोच सब कुछ हे. मसाला गेला की रॉड म्हंजे नुस्ता खिळा. और मसाला गीला हुआ तो जोडाला आतून जाळी पडते. अनारशाला पडती ना, वैसी. अनारसा अच्छा लगता, पाइप नहीं. रॉड सूखा मंगता. पापड जैसा."

"उन्हात घालू?"

"उन्हानं क्या होता? भट्टी होना."

मिलच्या भट्टीत रॉड वितळले असते. पण एमआयडीसीच्या तोंडाशी महेमूदची बेकरी होती. महेमूदनं पाकीट पाहिलं आणि कपाळाला पीठ लावून घेतलं. "मियां, इस में पाव बनते. लोहा नहीं."

"नुस्तं शेकायचं हाय, महेमूदभाई. नानकटाईच्या बाजूला पडून राहील. खात न्हाई काई."

रॉड पाव निघाल्यानंतरच्या आचेवर नानकटाईशेजारी निवांत शेकले. त्या आठवड्यात कामगारांनी कुरकूर केली की टोस्टाला लोखंडाचा वास येतो. महेमूदनं 'ताकद का टोस्ट' म्हणून तो हातोहात विकला. रॉड काढताना त्यातले काही घरंगळत भट्टीच्या पार मागच्या कोपऱ्यात गेले, फावडं पोचेना.

"भट्टी ठंडी होगी तो निकालेंगे," महेमूद म्हणाला.

"कदी होईल थंडी?"

"ईद को."

बाकीचे पुष्कळ होते. उस्तादानं ते गरमागरम बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातले, झाकण लावलं आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. "अब इसको साबच्या समोर खोलना. उससे पहले नक्को. हवा लगी की नमी पकडतो."

कडूबा डबा घेऊन घरी आला तो वरातीतल्या नवरदेवासारखा. त्याची बायको नंदाबाई धान्य निवडत बसली होती. त्यानं डबा देवाच्या फोटोखाली ठेवला.

"नंदे, ह्या डब्यात आपली लक्ष्मी हाय. हिच्यावर माझी परीक्षा हाय. हिला जप."

"जपते की," नंदाबाई म्हणाली.

उघडू नको, एवढंच तेवढं सांगायचं राहून गेलं. कारण तोवर कडूबा हेड वेल्डर झाल्यावर बद्रीनाथला कसा ओलांडून जाणार, ते चालून दाखवत होता.

खंडेनवमीला मिलमध्ये मोठा थाट. सगळी मशिनं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी. कडूबानं दिवसभर तेल-ग्रीस पुसलं, संध्याकाळी गुळखोबरं खाल्लं आणि घरी आला. घरीही नंदाबाईनं हत्यारांची पूजा मांडली होती. विळा, कुऱ्हाड, त्याचा हातोडा, जुना होल्डर, काळी काच, सगळं स्वच्छ धुतलेलं, प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं. आणि मधोमध पाटावर तो डबा, अंगावर झेंडूची माळ. पट्टी जरा वेडीवाकडी वाटली त्याला. पण डब्याची अशी पूजा पाहून त्याला भरून आलं. त्यानं हात जोडले. दुसऱ्या दिवशी दसरा झाला, आपट्याची पानं वाटून झाली. चतुराबाईलाही त्यानं सोनं दिलं. तिनं ते घेतलं आणि म्हणाली, "हापशाला हात लावला तर बग."

परीक्षेच्या दिवशी मिलच्या शेडमध्ये चार तिरपे पाइप बांधलेले होते. औरंगाबादचे साहेब आले. वाळलेले, चष्मेवाले, हसायचं कुठंतरी विसरून आलेले. बाकीच्या मिलचे तीन वेल्डर घाम पुसत उभे होते. कडूबा हातात माळ घातलेला डबा घेऊन आला आणि मधल्या पाइपापाशी उभा राहिला. मागं शेठ, उस्ताद, बद्रीनाथ आणि कामावरचे सगळे.

"साहेब, तुमी लई परीक्षा घेतल्या असतील," कडूबा म्हणाला, "पर असे रॉड पाह्यले नसतील."

त्यानं पट्टी सोडली, झाकण उघडलं.

साहेबांनी खरंच पाहिले नव्हते. डब्यात रॉड चांदीच्या दांड्यांसारखे झळझळत होते. मसाल्याचा कण नाही. चिंचेनं आणि राखेनं घासघासून नंदाबाईनं प्रत्येकाची पांढरी साल काढून टाकली होती. राहिलेल्या चकचकीत तारांवर ओळीनं हळदकुंकवाची बोटं उमटवली होती, वर अक्षता टाकल्या होत्या आणि शेवटी एक खोबऱ्याचा तुकडा ठेवला होता.

साहेबांनी नकळत हात जोडले. मग चटकन काढून घेतले.

"या अल्ला," उस्ताद म्हणाला, "मसाला किधर गया?"

"आरती म्हना आता," बद्रीनाथ म्हणाला. त्याच्या तोंडावर दसरा, दिवाळी दोन्ही एकदम उजाडले. "मी जरा बूथवरून आष्टीला फोन करून येतो."

"साध्या रॉडवर परीक्षा होत नाही," साहेब म्हणाले. "हे तर साधेही राहिले नाहीत. तुमचे दुसरे असतील तर आणा. बाकीच्यांची होईपर्यंत थांबतो. नंतर नाही."

बाकीचे तिघं आपापल्या पाकिटाला मिठी मारून उभे होते. त्यांच्याकडं मागायची सोय नव्हती. कडूबाला धर्मराज दिसला, स्टुलावर बसलेला, "कडूबा, जरा रॉड दे रे" म्हणणारा. मग एकदम त्याला नानकटाईचा वास आला.

"साहेब," तो छाती काढून म्हणाला, "हे पूजेचे हायेत. परीक्षेचे वायले. भट्टीत ठिवलेत. जल्दी घेऊन येतो!"

शेडच्या भिंतीला बद्रीनाथची सायकल टेकवलेली होती. नवी कोरी, हँडलला गोंडे, सीटला कव्हर. तिला कोणी हात लावला तर बद्रीनाथ त्याची हजेरी कापायचा. पण बद्रीनाथ बूथवर होता. आणि आज फोनच्या घाईत तो कुलूप लावायचं विसरला होता. कडूबानं टांग टाकली.

बेकरीत महेमूद भट्टीसमोर घामाघूम होऊन पाव काढत होता, आणि पावाच्या पत्र्या ओढायला त्याच्या हातात जो आकडा होता, तो कडूबाचाच रॉड होता.

"महेमूदभाई! ते मागं पडलेले रॉड!"

"भट्टी लाल हे, मियां. ईद को बोला था ना मैं..."

"आज ईदच समजा!"

दोघांनी फावड्याला झाडूचा दांडा बांधला. कडूबा भट्टीच्या तोंडाशी आडवा झाला. इतक्या दिवसांचा आडवं पडायचा सराव इथं कामाला आला. खालून, बाजूनं, हात घालून त्यानं मागच्या कोपऱ्यातले रॉड एकेक करून ओढले. मसाला शाबूत. आठवडाभर शेकलेले, हाडासारखे कोरडे. अख्ख्या जिल्ह्यात एवढे सुके रॉड नसतील. भुवया तेवढ्या गेल्या. महेमूदनं ते नानकटाईच्या खोक्यात घालून दिले, आणि आकड्याचा रॉडही दिला, जरा वाकलेला.

कडूबा परत आला तो एवढ्या जोरात, की ब्रेक लावायचं गेटावरच्या झेंडूच्या कमानीत आठवलं. सायकलचं पुढचं मडगार्ड जरा चेपलं आणि गोंड्याशेजारी माळ लटकली. बद्रीनाथ तिथंच उभा होता, तोंड उघडं टाकून.

"माझी सायकल!"

"काई झालं न्हाई," कडूबा पळता पळता म्हणाला, "सगळे जोड बराबर हायेत!"

तिसऱ्या वेल्डरची परीक्षा संपत होती. कडूबानं तोंडापुढं काच धरली. ती नंदाबाईनं धुतलेली होती, आणि त्यातून कधी नव्हे एवढं स्वच्छ दिसत होतं. तो पाइपाखाली गेला, आणि मग तोंड बंद. ही गोष्ट उस्तादानं नंतर सगळ्यांना सांगितली, की कडूबा कधी नव्हे तो गप्प होता. रॉड सरसर चालला, एकसारखा. तो पाइपाला गुंडाळत वर आला. वर पोचला, जळक्या मसाल्याची खपली झाडली, आणि तिच्याखालून निघाला तो जोड माशाच्या खवल्यांसारखा, एकावर एक चढलेला.

साहेबांनी पाइपाच्या पट्ट्या कापल्या. एक पट्टी यंत्रात घातली आणि दांडा ओढला. पट्टी वाकली, वाकली, नाल झाली. साहेब चष्मा वर करून जोडावर वाकले. चीर नाही. दुसरी पट्टी. चीर नाही. त्यांनी नाक आणखी जवळ नेलं.

"वास कसला येतोय?"

"नानकटाईचा, साहेब," कडूबा म्हणाला.

साहेबांनी पट्ट्या खाली ठेवल्या, आणि हसायचं कुठं विसरलं होतं ते त्यांना आठवलं. "पास," ते म्हणाले.

उस्तादानं कडूबाच्या जळलेल्या भुवयांवरून अंगठा फिरवला. बाकीच्या तिघांपैकी दोघं पास झाले. ज्याच्या जोडाला चीर पडली त्यानं विचारलं, "भाऊ, नानकटाई कुठं मिळती?"

घरी आल्यावर कडूबा रागावणार होता. येताना त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं. पण नंदाबाई दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून. बातमी चतुराबाईनं आधीच पोचवली होती.

"मला सांगितलं व्हतं का, की ते पांढरं धुवायचं नसतं? तुमीच म्हनले लक्ष्मी हाय. दसऱ्याची लक्ष्मी पारोशी ठिवू का मी? किती घासलं! हाताची सालं निघाली माह्या."

कडूबा चपला काढायला खाली वाकला.

"आन पास कामून झाले मंग?" नंदाबाई म्हणाली. "पूजा केली म्हनून."

"हाव," कडूबा म्हणाला. "तुहं बराबर हाय."

हेड वेल्डर झाल्यावर पहिलं काम म्हणजे तेलाची लाइन. ती दिवाळीच्या आत चालू करायची होती. धर्मराजला बोलवायची गरज पडली नाही. त्या गोष्टीचा सगळा राग बद्रीनाथनं सायकलीच्या बंदोबस्तात काढला. मडगार्ड ठोकून सरळ करून आणलं आणि शपथ घेतली, की आता ह्या सायकलीला कडूबाच काय, वाराही लागू देणार नाही. भट्टीच्या शेडमध्ये त्यानं भिंतीत उंचावर, पत्र्याच्या जवळ, दोन खुंट्या ठोकल्या. कामावर आला की शिडी लावून सायकल तिथं टांगायची, धूळ बसू नये म्हणून वरून पोत्यानं गुंडाळायची, साखळी घालायची, कुलूप लावायचं आणि किल्ली जानव्याला बांधायची. शिडीही तो ऑफिसात ठेवायला लागला.

लाइन त्याच भिंतीनं जाणार होती. कडूबानं बांबूचा माचा बांधला आणि वर आडवा झाला. कामगार खालून पाइप सरकवायचे, टोकाला टोक भिडलं की कडूबा काच ओढायचा आणि जोड घालायचा. एकेक जोड असा, की उस्ताद खाली मान वर करून नुसता "वा" म्हणायचा. धनत्रयोदशीच्या सकाळी शेवटचा पाइप सरकवताना मधी काही तरी अडलं.

"कडूबा," उस्ताद खालून म्हणाला, "वो पोता क्या हे रे उपर?"

"असंल काईतरी! ढकला जोरात! ढकला!" पाइप पुढं सरकला, टोकाला टोक भिडलं. "आलं बगा! उस्ताद, पोतं कशाला बगता? जोड बगा, जोड!"

आणि त्यानं काच ओढली.

त्याच दुपारी शेठनं नारळ फोडला आणि लायनीत तेल सोडलं. पहिल्या जोडापासून शेवटच्या जोडापर्यंत एक थेंब गळला नाही. भट्टी पेटली. शेठनं पेढे वाटले आणि सगळ्यांदेखत कडूबाची पाठ थोपटली. भरलेल्या लायनीजवळ आता जाळ, ठिणगी किंवा कटर न्यायचा नाही, अशी पाटी शेठनं स्वतः लावून घेतली.

सुट्टीचा भोंगा झाला. बद्रीनाथनं ऑफिसातून शिडी आणली, भिंतीला लावली, वर चढला. कुलूप काढलं, साखळी काढली, पोतं काढलं. पाइप सायकलीच्या दांड्यांच्या तिकोन्यातून आरपार गेलेला होता. बद्रीनाथ त्या दिवशी टेंपोनं घरी गेला.